कुत्रं आणण्याआधी आपला दिवस मोजा

बोम्मसंद्रा, हेब्बगोडी, चंदापुरा, इलेक्ट्रॉनिक सिटी या पट्ट्यात राहत असाल तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. सहा-आठ महिन्यांचं गावठी कुत्रं, एक कान ताठ, दुसरा पडलेला. खाली मजकूर: ‘सध्या फॉस्टरकडे आहे, लसी झाल्यात, प्रेमळ, खूप अ‍ॅक्टिव्ह, घर हवंय.’ वाचणाऱ्याची नजर ‘प्रेमळ’वर थांबते. पुढे घरात जे खटके उडतात ते मात्र ‘खूप अ‍ॅक्टिव्ह’मुळे.

मग पहिला प्रश्न येतो, आमचा टू-बीएचके पुरेल का? त्याचं उत्तर शोधण्यात फार वेळ घालवू नका. मोठ्या अंगणात दिवसभर एकटं ठेवलेलं कुत्रं भुंकून भुंकून गल्ली डोक्यावर घेतं आणि छोट्या फ्लॅटमधलं, वेळच्या वेळी बाहेर नेलेलं कुत्रं दुपारभर ताणून देतं. तरुण, मस्तीखोर कुत्रं घरात रुळेल की नाही, हे चौरस फुटांपेक्षा तुमच्या दिनक्रमावर ठरतं. म्हणून घर मोजण्याआधी दिवस मोजा.

ही कुत्री येतात कुठून

होसूर रस्ता, त्यावरचे कंटेनर आणि ट्रक, दोन्ही बाजूंना कारखाने, त्यांच्या गेटबाहेर चहा-चित्रान्नाच्या गाड्या आणि सुरक्षारक्षकांच्या चौक्या. खायला मिळतं, म्हणून कुत्री इथे राहतात, आणि वाहनांखाली येतात तीही इथेच. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांचा अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्लं सातव्या महिन्यापर्यंत पोचतात, आणि बऱ्याच मृत्यूंना माणूसच कारण असतो.

वाचवलेल्या पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी आपल्या घरी ठेवून घेतं, ते फॉस्टर घर. बंगळूरमध्ये हे काम संस्थाही करतात आणि एकेकटी माणसंही. क्रिस्टल रॉजर्स यांनी १९९१ साली सुरू केलेली ‘क्युपा’ ही शहरातली जुनी संस्था. तीन पायांच्या चार्ली या कुत्र्याच्या नावाने उभं राहिलेलं ‘केअर’ हे केंद्र २०१३चं. निवारा केंद्रातलं कुत्रं पिंजऱ्यात कसं वागतं एवढंच तुम्हाला दिसतं. फॉस्टर घरातलं कुत्रं मात्र कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सोफा, लिफ्ट आणि पाहुणे पाहून आलेलं असतं. फॉस्टर पालकाकडची ही माहिती वाया घालवू नका.

फॉस्टर पालकाला काय विचारायचं

‘चावतं का?’ आणि ‘शी-शू कुठे करतं?’ हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. खरे उपयोगाचे प्रश्न असे:

- सलग किती वेळ एकटं राहिलं आहे? अंदाज नको, प्रत्यक्ष राहिलेला वेळ हवा. एकटं असताना काय करतं? शक्य असेल तर व्हिडिओ मागा.
- रात्री कुठे झोपतं, पहाटे किती वाजता उठतं?
- कशाला बिचकतं? झाडू, हेल्मेट, काठी, गणवेशातला माणूस, फटाके, मोटरसायकल?
- लहान मुलं, आजी-आजोबा, मांजर, दुसरी कुत्री यांच्याशी कसं वागतं?
- खात असताना भांड्याजवळ कुणी गेलं तर गुरगुरतं का?
- अंगावर उड्या मारतं, हात तोंडात धरतं, तेव्हा तुम्ही काय करता?
- आजवर कोणती आजारपणं झाली? पार्व्हो, गोचीड-ताप?
- कोणत्या भाषेत बोलता? कन्नड घरात ‘बा’ म्हटल्यावर धावत येणारं कुत्रं तुमच्या ‘ये’ला सुरुवातीला ढिम्म हलणार नाही. त्याला कळणारे चार-पाच शब्द लिहून घ्या.

‘सगळ्याच बाबतीत उत्तम आहे’ असं एका दमात उत्तर मिळालं तर जरा थांबा. अनुभवी फॉस्टर पालक खोड्या आधी सांगतो, कारण कुत्रं परत आलेलं त्याला नको असतं. भेटायला दोनदा जा, आणि त्यातली एक भेट संध्याकाळची ठेवा. तरुण कुत्र्यांची मस्ती बहुतेकदा तेव्हाच शिगेला पोचते. घरात राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी कुत्र्याला भेटायला हवं. ‘आई गावाहून आल्यावर बघू’ असं ठेवलं की पुढे तोच वादाचा विषय होतो.

कागद घ्या आणि दिवस लिहा

चोवीस तासांचे रकाने आखा आणि घरातला प्रत्येक जण कधी घराबाहेर असतो ते भरा. बोम्मसंद्र्यात हे विशेष गरजेचं आहे, कारण इथली बरीच वस्ती शिफ्टवर चालते. पहाटेची पहिली शिफ्ट, जनरल, सेकंड, नाइट, आणि ती दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलते. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची यलो लाइन सुरू झाली आणि सिल्क बोर्डच्या कोंडीतून बऱ्याच जणांची सुटका झाली. तो वाचलेला वेळही या कागदावर लिहा.

आता तरुण कुत्र्याच्या गरजा बाजूला मांडा. दिवसातून दोनदा पाऊण-एक तास निवांत फिरणं आणि मध्ये एक-दोन वेळा खाली नेऊन आणणं. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर तीन वेळा खाणं, नंतर दोन वेळा. शिकवणीसाठी पाच-पाच मिनिटांची तीन-चार सत्रं. पिल्लाला लघवी किती वेळ धरवते याचा ढोबळ हिशेब असा की जितक्या महिन्यांचं, तितके तास. मोठ्या कुत्र्यालाही रोज सलग चार-पाच तासांहून जास्त एकटं ठेवायची वेळ येऊ नये.

दोघंही जनरल शिफ्टला असाल आणि घर दहा तास बंद राहत असेल, तर आठ महिन्यांचं मस्तीखोर कुत्रं तुमच्यासाठी नाही. तीन-चार वर्षांचं शांत कुत्रं शोधा, आणि त्याच्यासाठीही दुपारी येणारी भरवशाची व्यक्ती ठरवा. फॉस्टर घरांमध्ये मोठी कुत्री बरीच असतात आणि त्यांना विचारणारे कमी असतात. एक जण पहिल्या शिफ्टला आणि दुसरा सेकंडला असेल तर उलट तुमचं घर अगदी योग्य आहे, कारण कुणी ना कुणी घरी असतंच. फक्त कुत्र्याच्या वेळा शिफ्टबरोबर बदलू देऊ नका. सकाळी साडेसहाचं फिरणं साडेसहालाच. माणूस बदलला तरी चालेल.

ही मस्ती किती दिवस? साधारण सहा महिने ते दीड-दोन वर्षं हा कुत्र्याचा वयात येण्याचा काळ. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांबद्दल एक गंमत नोंदवली. आठव्या महिन्याच्या सुमाराला ही कुत्री आपल्या पालकाने ‘बस’ म्हटलं की कानाडोळा करतात. परक्या माणसाचं मात्र ऐकतात. आता याचा तुमच्या बाबतीत अर्थ लावा. फॉस्टरकडे पहिल्यांदा भेटाल तेव्हा तुम्ही परके असाल, आणि ते तुमच्यापुढे शहाण्यासारखं बसेलही. महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही त्याचे झालात की हेच कुत्रं तुमचं ऐकेनासं होईल. याचा अर्थ आपली निवड चुकली असा घेऊ नका. हे वय सरतं. तेवढा काळ न चिडता नेम चालू ठेवायचा.

घरमालक, सोसायटी, कागदपत्रं

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे की गृहनिर्माण सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. घरमालकाशी मात्र तुमचा वेगळा करार असतो. भाड्याने राहत असाल तर ‘कुत्रं ठेवायला हरकत नाही’ हे करारात लिहून घ्या. तोंडी होकार करार संपताना कुणाला आठवत नाही. आणि परिपत्रक फडकवण्यापेक्षा फिरायला जाताना खिशात कागद आणि पिशवी ठेवणं, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरणं, शेजारच्यांना आधी लिफ्ट देणं यानेच बरीच भांडणं टळतात.

बोम्मसंद्रा आनेकल तालुक्यात येतं आणि त्याची नगरपालिका वेगळी आहे. बंगळूर शहरातल्या मित्राने सांगितलेला कुत्र्याच्या परवान्याचा नियम इथे तसाच असेल असं धरू नका. स्थानिक कार्यालयात विचारा. फॉस्टरकडून लसीकरणाची वही, जंतनाशकाच्या तारखा आणि नसबंदी झाली असल्यास तिचं प्रमाणपत्र घ्या. नसबंदी मोहिमेतून आलेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते, तीही पाहून ठेवा. दत्तक-करारावर सही करताना त्यातलं परत करण्याबद्दलचं कलम नीट वाचा.

आपल्या गल्लीतलंच मोकाट कुत्रं घरी घ्यायचं असेल तर वाट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानुसार प्राणिप्रेमींना स्थानिक पालिकेकडे अर्ज करून असं कुत्रं दत्तक घेता येतं. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची.

घरी आणताना

मेट्रोत कुत्रं नेता येत नाही, त्यामुळे कॅब किंवा मित्राची गाडी आधीच ठरवा. प्रवासाच्या तोंडावर पोटभर खाऊ घालू नका. फॉस्टर घरातली चादर किंवा जुना टी-शर्ट न धुता मागून घ्या. ओळखीच्या वासाचा नव्या घरात आधार होतो. पहिले दोन आठवडे खाणं फॉस्टरकडे होतं तेच द्या. बदलायचं असेल तर हळूहळू बदला, नाहीतर जुलाब ठरलेले.

सगळ्यात मोठा धोका पळून जाण्याचा. नव्या जागी बिचकलेलं तरुण कुत्रं दाराच्या फटीतून सुटलं, की त्याला परतायचं घर कुठलं हेच अजून ठाऊक नसतं, आणि पलीकडे होसूर रस्ता असतो. म्हणून गळ्याचा पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही घाला आणि पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली चकती लावा. गाडीचं दार उघडण्याआधी दोरी हातात घट्ट हवी. घरात सेफ्टी डोअर आणि बाल्कनीला जाळी असू द्या. पहिले काही महिने उघड्यावर दोरी सोडायचीच नाही, कितीही लाडात आलं तरी.

कुत्रं पाहायला येणाऱ्या मित्रमंडळींना पंधरा दिवसांनी बोलवा. सुरुवातीला एक कोपरा, एक अंथरूण आणि पाण्याचं भांडं एवढं पुरे. ते कोपऱ्यात असताना मुलांनी जवळ जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. फॉस्टर करणारी मंडळी तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगतात: तीन दिवस गोंधळ, तीन आठवड्यांत नेम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हा अनुभवाचा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. सुरुवातीला गुपचूप पडून राहणारं कुत्रं तिसऱ्या आठवड्यात चपला पळवू लागलं, तर ते बिघडलं असं नाही. त्याची भीती मोडली.

‘७७७ चार्ली’ हा २०२२चा कन्नड चित्रपट बंगळूरमध्ये राहणाऱ्या अनेकांनी पाहिलेला असतो. त्यातली चार्ली ही कुत्री नायक धर्माच्या घराची धूळधाण करते आणि तरीही त्याचा जीव होऊन बसते. चित्रपटात हे अडीच-पावणेतीन तासांत उरकतं. तुमच्याकडे काही महिने लागतील एवढंच.

दमवण्यापेक्षा गुंतवा

मस्तीखोर कुत्र्याला पळवून पळवून दमवायचं, हा सर्वात लोकप्रिय आणि फसवा सल्ला. रोज चेंडू फेकून तासभर धावणारं कुत्रं दोन महिन्यांत अधिक काटक होतं आणि दीड तास मागू लागतं. वर्षाच्या आतल्या कुत्र्याची हाडं अजून वाढत असतात; सायकलमागे पळवणं त्याच्या सांध्यांना सोसत नाही.

बंगळूरच्या श्वान-वर्तन अभ्यासक सिंधूर पंगल यांनी शहरातल्या मोकाट कुत्र्यांचा दिनक्रम टिपला, तेव्हा ही कुत्री दिवसाचा मोठा भाग नुसती विसावलेली असतात असं दिसलं. तुमच्या गेटबाहेरच्या कुत्र्यांकडे पाहूनही हे पटेल. सकाळ-संध्याकाळ ती हुंगत हिंडतात, काहीतरी चघळतात आणि मग पडी टाकतात. आपल्या गावठी कुत्र्याला घरात हाच क्रम लावून द्यायचा.

फिरताना त्याला हुंगू द्या. एका झुडपापाशी दोन मिनिटं उभं राहावं लागलं तर राहा. लांब दोरी लावून संथ चाललेला अर्धा तास दामटून नेलेल्या तासापेक्षा अधिक शांत करतो. रोजच्या खाण्यातला थोडा भाग जुन्या टॉवेलात गुंडाळून किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात रद्दीखाली लपवून शोधायला लावा. रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवा; चाटत बसण्यात त्याचा बराच वेळ जातो. आणि झोपेची वेळ पाळा. मोठं कुत्रंही दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं, पिल्लं त्याहून जास्त. संध्याकाळी घरभर उधळणारं, हाताला दात लावणारं पिल्लू बहुधा पेंगुळलेलं असतं. त्याला खेळवू नका, दिवे मंद करून निजवा.

अंगावर उडी मारली की पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर आले की लगेच लाड करा. हात तोंडात धरला की हात सैल सोडून खेळ थांबवा आणि चावायला वेगळी वस्तू द्या. नाकावर फटका मारल्याने कुत्रं हाताला बिचकायला शिकतं, बाकी काही शिकत नाही. शाबासकी म्हणून दर वेळी बिस्किटच हवं असंही नाही. भद्रा यांच्याच प्रयोगशाळेच्या २०१७ सालच्या प्रयोगांत, परक्या माणसांनी वारंवार कुरवाळल्यावर मोकाट कुत्र्यांचा जो विश्वास बसला, तो नुसतं खाऊ दिल्यावर बसला नाही.

फिरायला औद्योगिक वसाहतीतले गजबजलेले रस्ते टाळा आणि कंपनीच्या बस सुटायच्या आधीची वेळ गाठा. थोड्या थोड्या अंतरावर कुत्र्यांच्या नव्या टोळीची हद्द लागते. मोकाट कुत्री समोर आली तर दोरी न ताणता वळसा घ्या. कारखान्यांच्या परिसरातल्या गटारांचं, तळ्यांचं पाणी पिऊ देऊ नका. रसायनांचा धोका असतो आणि उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही.

तब्येतीचं थोडक्यात

आणल्यावर आठवडाभरात पशुवैद्याकडे एकदा तपासून घ्या. पिल्लांना डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दर वर्षी. नसबंदी कधी करायची हेही त्याच भेटीत ठरवा.

बंगळूरच्या हवेत गोचीड बारमाही. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर गोचीड-तापाची शंका घेऊन त्याच दिवशी रक्ततपासणी करा. गाई-म्हशींवर मारायचं गोचिडाचं औषध स्वतःच्या अंदाजाने लावू नका. कुत्रं अंग चाटतं आणि विषबाधा होते.

घरातलं उरलेलं देताना लक्ष ठेवा. फोडणीच्या आमटीतला कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शुगर-फ्री पदार्थांतलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी असतं. शिजवलेली हाडं तुटून आतड्यात रुततात. खेळताना दात लागून रक्त आलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याच्या लसी झालेल्या असल्या तरी.

गणपतीला गावी जाताना

आणण्याआधीच हा प्रश्न सोडवा, कारण गणपती आणि दिवाळी दर वर्षी येणारच. रेल्वेत मोठं कुत्रं बरोबर न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावे असावी लागते. नाहीतर ब्रेकव्हॅनमधली कुत्र्यांची पेटी. टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये परवानगी नाही. मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा असो की मुंबईची उद्यान, आधी पार्सल कार्यालयात चौकशी करा आणि लसीकरणाची वही बरोबर ठेवा. गाडीने हुबळी-बेळगावमार्गे जाणार असाल तर महिनाभर आधीपासून छोट्या फेऱ्यांची सवय लावा. पहिल्या वर्षी मात्र फॉस्टर पालकालाच विचारून पाहा. पुष्कळ जण आपल्याकडचं कुत्रं चार दिवस आनंदाने ठेवून घेतात.

नाहीच जमलं तर

सगळं करूनही काही जोड्या जमत नाहीत. घरात बाळ येतं, बदली होते, कुत्रं आणि आजी यांचं अजिबात पटत नाही. अशा वेळी ओळखीच्या ओळखीत कुणाला तरी देऊन टाकू नका. फॉस्टरला फोन करा, खरं कारण सांगा आणि दुसरं घर मिळेपर्यंत ठेवून घ्या. रस्त्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय घरात वाढलेल्या कुत्र्याला होसूर रस्ता ओलांडता येत नाही.

म्हणून ग्रुपवरच्या त्या फोटोखाली ‘इंटरेस्टेड’ लिहिण्याआधी चोवीस तासांचा कागद भरा आणि तोच फॉस्टर पालकाला पाठवा. ‘आमचा दिवस असा आहे, हे कुत्रं यात बसेल का?’ त्या कुत्र्याला जवळून ओळखणारा माणूस याचं उत्तर देईल. ते ‘नाही’ आलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा, ‘मग कोणतं बसेल?’